एक्केचाळिसावी विहीर

विहिरी चाळीस होत्या आणि उत्तर एक्केचाळीस येत होतं.

वर्षालीने तीच क्वेरी चौथ्यांदा चालवली. प्रत्येक विहिरीची शेवटची नोंद दाखव, एवढंच तिने संगणकाला विचारलं होतं. एका तक्त्यात विहिरींची यादी होती, चाळीस गावं, चाळीस नावं. दुसऱ्या तक्त्यात चौदा वर्षांची मोजमापं होती, कोणत्या तारखेला कोणत्या विहिरीत पाणी किती मीटर खाली होतं त्याची. दोन्ही तक्ते तिच्या बाबांनी, रूपरावांनी, स्वतःच्या हाताने उभे केले होते. बावन्नाव्या वर्षी संगणकाच्या क्लासला जाऊन, कॉलेजातल्या पोरांच्या रांगेत बसून ते हे शिकले होते. मागच्या ऑक्टोबरात देवळीच्या बसस्टँडवर बाकावर बसल्याबसल्या ते गेले, तेव्हाही पिशवीत पाणी मोजायचा टेप होता.

यादीच्या शेवटी पुन्हा ती ओळ आली. विहीर क्रमांक एक्केचाळीस. नावाची जागा रिकामी. पाणी ३.१० मीटरवर. तारीख ९ ऑक्टोबर २००५.

"हेच म्हणून राह्यलो मी," मागून गजेंद्र म्हणाला. सिंदी मेघेतल्या या दोन खोल्यांच्या कार्यालयाचा तो प्रमुख. पाणी मोजणी प्रकल्पाचा कारभार आता नागपुरात एकत्र होणार होता आणि रूपरावांनी बांधलेलं काम तिथे कोणाला उलगडत नव्हतं, म्हणून त्यानेच फोन करून वर्षालीची या कामावर तात्पुरती नेमणूक केली होती. नागपूरच्या नोकरीतून रजा काढून ती आली होती. "ताई, मले वैयक्तिक काही नाई. रूपरावजींनी मले पहिल्या दिवशी टेप धरणं शिकवलं. पण तुम्हीच पाहा. यादीत नसलेली विहीर. नोंदी दहा. दहाच्या दहा तारखा रविवारच्या. आणि दौऱ्याच्या डायरीत एकही रविवार नाई."

"म्हणजे?"

"म्हणजे वरचे लोक विचारतील, एक विहीर घरी बसून मोजली, तर बाकीच्या चाळीस काऊन नसतील मोजल्या?"

वर्षालीने दौऱ्याची डायरी उघडली.

"सोमवारी माहिती पाठवायची आहे. उलगडा झाला तर ठीक. नाई तर 'विश्वासार्ह नाही' असा शेरा मारून चौदाही वर्षं वगळावी लागतील. रजिस्टरं रद्दीत." तो जरा घुटमळला. "मले ते आवडणार नाई."

तो गुरुवार होता, मे २००६ ची अठरा तारीख. गजेंद्र जेवायला गेला. खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ताट्या सुकून खडखडत होत्या. वर्षालीला वाटलं, चूक आपल्याच प्रश्नात असेल. वाटलं म्हणण्यापेक्षा, तशी तिची फार इच्छा होती. तिने फोनची तार संगणकाला जोडली आणि शोधायला बसली.

क्वेरी अडली की लोक जिथे जातात, तिथेच ती गेली. जगभरच्या माणसांनी विचारलेले प्रश्न आणि दिलेली उत्तरं ज्यात साठून राहतात अशी ती संग्रहस्थळं तिला नवी नव्हती. रोजच्या कामात तिचा तिथे वावर असे. पण बाबा गेल्यापासून तिथे शिरताना तिला रिकाम्या धर्मशाळेत शिरल्यासारखं वाटे. आठ वर्षांपूर्वी कोणी तरी काकुळतीने काही विचारलेलं असतं, खाली कोणी विचारतं, मलाही हीच अडचण आहे, तुम्हाला उत्तर मिळालं का, आणि पुढे कोणीच काही बोलत नाही. कुठे विचारणाराच लिहून जातो की सुटलं, धन्यवाद, आणि कसं सुटलं ते सांगत नाही. ही माणसं आता कुठे असतील, असतील का, हे तिथे कळायला मार्ग नसतो. प्रश्न तेवढे ताजे राहतात.

'प्रत्येकाची शेवटची नोंद' शोधल्यावर हजारो पानं आली. गिऱ्हाइकं आणि त्यांच्या मागण्या, विद्यार्थी आणि त्यांचे गुण. यादीत नसलेला क्रमांक कुठून येतो याचं उत्तर सगळीकडे एकच होतं, कोणी तरी तो टाकला आहे म्हणून येतो. कंटाळून तिने आपली क्वेरी जशीच्या तशी शोधाच्या चौकटीत उतरवली, बाबांनी तक्त्यांना दिलेल्या नावांसकट. त्यांनी 'विहीर', 'नोंद', 'खोली' ही नावं इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलेली होती.

एकच पान आलं.

मार्च २००३. प्रश्न इंग्रजीत होता, पण वाक्यं बाबांची होती. सुरुवातीला 'सर्व जाणकारांना सविनय नमस्कार', शेवटी 'रूपराव, वर्धा'. वर्षालीने खुर्ची पुढे ओढली. मेलेल्या माणसाची चिठ्ठी कपाटात सापडावी तसं हे नव्हतं. चिठ्ठी जुनी दिसते, कागद पिवळा पडतो. इथे अक्षरं कालची वाटत होती.

बाबांनी लिहिलं होतं, प्रत्येक विहिरीची शेवटची नोंद मागितली की चाळीस बरोबर येतात. एक्केचाळिसाव्या विहिरीच्या मात्र मी टाकलेल्या चार नोंदी येतात आणि त्यांच्याखाली आणखी काही ओळी येतात. त्या मी टाइप केलेल्या नाहीत. संगणकाला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. या ओळी थांबवाव्या कशा?

खाली त्यांनी ओळी उतरवल्या होत्या. तारीख, खोली, मोजणाऱ्याचं आद्याक्षर. पहिल्या चार २००१ आणि २००२ च्या. पुढे मे २००३. ऑक्टोबर २००३. मे २००४. ऑक्टोबर २००४. १५ मे २००५. ९ ऑक्टोबर २००५, ३.१०. सगळ्यांपुढे आर. प्रश्न मात्र मार्च २००३ चा होता.

शेवटची दिसणारी ओळ अशी होती: २१ मे २००६, ७.३५, व्ही.

मजकूर लांब असल्याने संग्रहाने तो तिथे तोडला होता आणि उरलेला पाहायला खाली दुवा दिला होता. त्याच्याखाली उत्तरं होती. कुठल्या तरी थंड देशातल्या माणसाने लिहिलं होतं, तुमच्या तारखा भविष्यातल्या आहेत, आधी चाचणीची माहिती नीट करा. बाबांचं उत्तर होतं, ही चाचणीची माहिती नाही. दुसऱ्याने सल्ला दिला होता, नको असलेल्या ओळी पुसून टाका. त्यावर बाबा म्हणत होते, पुसतो. जे मोजलं नाही ते माझ्या नोंदीत राहत नाही. पण आधी जाऊन पाहतो.

मग दोन महिने काही नाही. मग १९ मे २००३ चा शेवटचा निरोप: "काल गेलो होतो. मोजलं. बरोबर आहे. माझा प्रश्न संपला. सर्वांचे आभार."

वर्षालीने पानाची छपाई घेतली. प्रिंटर करकरत कागद बाहेर काढतो न काढतो तोच वीज गेली. भारनियमनाची वेळ झाली होती. शुक्रवारी फोनची लाइनच लागली नाही. पण कागद तिच्याकडे होता, आणि कार्यालयातल्या नोंदींशी तिने तो ताडून पाहिला. बाबांनी २००३ ते २००५ मध्ये भरलेली सहाही मोजमापं मार्च २००३ मध्येच त्या पानावर होती, दुसऱ्या दशांशापर्यंत.

तिने पुष्कळ वाचलेलं होतं आणि पुस्तकातली भुतं तिला कधी भ्यायला लावत नसत. यात भीती वेगळीच होती. सरळ अर्थ एकच निघत होता. बाबांनी तीन वर्षांचे आकडे आधीच मनाने रचले, पुढे एकेक करून भरले, आणि वर ही गोष्ट जुळवली. गजेंद्रच्या हाती हा कागद पडला तर सोमवारची वाट पाहायची गरजच नव्हती. तिने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

नालवाडीच्या घरी आई, कौशल्याबाई, पंख्याखाली लसूण सोलत बसली होती.

"बाबा रविवारी कुठे जायचे?" वर्षालीने विचारलं.

"देवळीपुढे, बोरखेडीले. दोस्त आहे म्हणे. मले काही तो दोस्त दिसला नाई बाप्पा." आईने लसणाचं टरफल फुंकरलं. "सहा दिवस लोकायच्या विहिरी, सातव्या दिवशी दोस्त. बायको कोणत्या दिवशी, ते त्या टेपलेच माहीत. काऊन विचारून राह्यली?"

"तो टेप कुठे आहे?"

आईने हात थांबवला. मग बोटाने देवघराच्या फडताळाकडे दाखवलं. पोलादी टेप तेल लावून, गुंडाळून ठेवलेला होता. शेजारी खडूची डबी.

त्या कागदाची परीक्षा घ्यायला एकच ओळ उरली होती, अजून न घडलेली. आणि वर्षालीने ठरवलं की ती घडू द्यायची नाही. रविवारी २१ तारीख होती. ती शनिवारीच जाऊन मोजणार होती. शनिवारचा आकडा लिहिला की २१ तारखेची ओळ खोटी पडेल. मग बाबा खोटे पडतील की नुसता तो कागद, याचा विचार तिने केला नाही.

बोरखेडीत चार जणांना विचारलं. चौघांनीही गावातली चालती विहीर दाखवली, ती यादीत होतीच. अजून एखादी आहे का म्हटल्यावर एक जण बैलाला पाणी दाखवायला निघून गेला आणि दुसऱ्याला ऐकू येईनासं झालं. शेवटी गावाबाहेर एका घराच्या ओट्यावरून एका म्हातारीने, सीताबाईने, हाक मारली.

"रूपरावची पोट्टी काय व तू?"

"हो. तुम्ही कसं ओळखलं?"

"त्याचा टेप आहे ना हातात. ये, सावलीत ये. तो नाई आला ह्या खेपेले?"

बाबा गेल्याचं वर्षालीने सांगितलं. सीताबाई बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. मग उठून तिला घरामागे घेऊन गेली. पळसाच्या झुडपांआड दगडी बांधकामाची जुनी विहीर होती. रहाट नव्हता, दोर घासल्याच्या खुणाही बुजल्या होत्या.

"माही नणंद गेली हिच्यात," सीताबाई म्हणाली. "चाळीस वर्षं झाले. तवापासून कोणी पाणी नाई काढत, कोणी नाव नाई घेत. सर्वेवाले आले तं गावानं नाई सांगतली. तुह्या बापाले मीच दाखवली. मी नाई म्हणतलं असतं तं त्यानं हुडकलीच असती. अशी विहीर पाहिजेच होती म्हणे त्याले. पाणी कोणी उपसत नाई, म्हणून जमिनीतलं खरं पाणी इथंच समजते म्हणे."

वर्षालीला ते कळलं. उपसा नसलेली विहीर म्हणजे मोजणाऱ्याला मिळालेलं दान.

"मग यादीत का नाही घातली?"

"मी शपथ घातली ना त्याले. पाणी मोज, पण तिचं नाव कागदावर नको आणू. त्यानं नाई आणलं. आपल्या सुट्टीच्या दिवशी येत जाय. सरकारी दिवसाले नाई आला कधी."

एवढं पुरेसं होतं, खरं तर. विहीर होती, रविवार होते. पण पर्समधला कागद यात बसत नव्हता. वर्षालीने टेपच्या टोकाला खडू घासायला सुरुवात केली. सीताबाईने तिचं मनगट धरलं.

"आज नाई."

"का?"

"शनवार हाय. शनवारी लोखंड नाई सोडत कोणत्याच विहिरीत, हिच्यात तं नाईच. उद्या येजो."

"बाई, मला आजच हवंय. फक्त एकदा."

"तुह्या बापानंही म्हणतलं होतं असंच. पयल्या वर्षी, शनवारीच आला होता." म्हातारीचा हात सुकलेल्या वेलीसारखा होता, पण सुटत नव्हता. "मी त्याले सांगतलं, रायवारी ये, ती वाट पाहीन."

ती कोण, हे वर्षालीने विचारलं नाही. पळसाखाली वाराही नव्हता. परतीच्या बसमध्ये तिच्या लक्षात आलं की आपण खडू लावलेलं टेपचं टोक मुठीत घट्ट धरून बसलो आहोत, आणि तळवा पांढरा झाला आहे.

देवळीहून तिने गजेंद्रला फोन केला. एक्केचाळिसावी विहीर सापडली आहे, उद्या चला, म्हणाली. कागदाबद्दल बोलली नाही. मोजायला त्यालाच लावायचं, आपण टेपला हात लावायचा नाही, हे तिने मनाशी ठरवलं. ओळीत आद्याक्षर व्ही होतं.

रविवारी अकराच्या सुमाराला गजेंद्रची मोटारसायकल सीताबाईच्या ओट्याशी थांबली. विहीर पाहून तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला. "ताई, ह्या विहिरीसाठी तं मी दोन वर्षं पत्रं लिहून राह्यलो की बिनउपशाची एक तरी द्या म्हणून. आणि रूपरावजी बोलले नाई मले." त्याच्या आवाजात राग नव्हता. "काय माणूस होता, यार."

"रूपराव आधी आपलं नाव सांगे तिले," सीताबाई म्हणाली. "मंग सोडे टेप."

गजेंद्रने काठावर वाकून आत आपलं नाव सांगितलं, जरा लाजतच. आवाज खाली गेला आणि वर आला नाही. दगडी विहिरीत हाक घुमते, हे तिघांनाही ठाऊक होतं. गजेंद्र मागे सरला.

"तुम्हीही सांगा, ताई."

"मी मोजत नाहीये."

"तरी सांगून द्या."

वर्षाली काठाशी गेली. खाली काळोखात पाणी होतं की नव्हतं, दिसत नव्हतं. तिने नाव सांगितलं. तेही वर आलं नाही. गजेंद्रने खडू लावलेला टेप सोडला, नऊ मीटरची खूण काठावर दाबून धरली, दहापर्यंत मोजलं आणि वर ओढला. खडू खालून एका उंचीपर्यंत ओला होऊन काळपट पडला होता. त्याने डोळे बारीक करून ओलीची खूण वाचली.

"एक पासष्ट ओला. नवातून गेले..." त्याचे ओठ हलले. "सात पस्तीस. लिहा."

वर्षालीच्या हातात पेन होतं. ते कागदावर टेकलं नाही.

"काऊन थांबल्या? सात पस्तीस."

तिने लिहिलं. पाणी सात मीटर पस्तीस सेंटिमीटरवर. तारीख लिहिली.

"मोजणारा कोण टाकू?" तिने विचारलं. "तुम्ही मोजलं."

"मी आज सुट्टीवर आहो. सुट्टीची माही सही चालणार नाई, तुमच्या बाबासारखंच होईन. प्रकल्पानं या कामावर तुमची नेमणूक केली, तवा तुमचंच नाव. टेपही तुमचाच."

सीताबाई वर्षालीकडे पाहत होती. वर्षालीने नोंदीपुढे आपलं आद्याक्षर घातलं.

सोमवारी गजेंद्रने यादीत एक्केचाळिसावा क्रमांक वाढवला. नावाच्या जागी काही लिहिलं नाही. शेऱ्यात लिहिलं की विहीर प्रत्यक्ष पाहिली, गाव नाव सांगत नाही, सर्व नोंदी ग्राह्य धराव्यात. रजिस्टरांचे गठ्ठे त्याने रद्दीच्या कोपऱ्यातून उचलून कपाटात ठेवले आणि कपाटाला कुलूप लावलं. मग तो चहा सांगायला बाहेर गेला.

वर्षाली एकटी राहिली. बाबा खोटं लिहीत नव्हते. चौदा वर्षांत नाही, एका रविवारीही नाही. हे तिला हवं होतं आणि ते तिला मिळालं होतं. रडू येईल असं तिला वाटलं, पण त्याआधी दुसरंच काही तरी मनात आलं.

दुपारी लाइन लागली. तिने ते पान पुन्हा काढलं. सविनय नमस्कार. मी टाइप केलेल्या नाहीत. मग ओळी, एकीखाली एक, कालच्या तारखेपर्यंत. आणि त्याखाली दुवा, उरलेला मजकूर पाहा. गुरुवारी तिला वाटलं होतं की तिथे बाबांची सही असेल, पत्ता असेल. पण सही तर वर, प्रश्नाच्या शेवटी होती. ओळी त्यानंतर सुरू झाल्या होत्या.

उरलेला मजकूर किती आहे, ते दुव्यापुढे कंसात लिहिलेलं होतं. ओळींची संख्या होती ती. तिने आकडा वाचायच्या आत त्यावर तळहात ठेवला. काच कोमट होती. ऑक्टोबर २००६, मग मे २००७. आद्याक्षर व्ही, व्ही, व्ही. कुठवर, ते तळहाताखाली होतं. आणि ज्या ओळीला व्ही थांबेल तिची तारीख, आणि त्यापुढे कोणाचं अक्षर, तेही.

बाबांनी ते वाचलं होतं. सगळं उतरवून काढताना त्यांना ९ ऑक्टोबर २००५ ची ओळही उतरवावी लागली असेल, आपली शेवटची. पुढची, लेकीच्या अक्षराची, तीही. त्यानंतर अडीच वर्षं ते रविवारी बोरखेडीला जात राहिले, घरी येऊन जेवले, आईची बोलणी खाल्ली, दिवाळीला वर्षालीला नागपूरच्या गाडीत बसवून देताना खिडकीतून शेंगदाण्याची पुडी दिली. बोलले नाहीत. जे मोजलं नाही ते त्यांच्या नोंदीत राहत नव्हतं.

गजेंद्र चहा घेऊन आला. "काय झालं, ताई? पडद्याले काऊन धरून बसल्या?"

"काही नाही," ती म्हणाली. "ऑक्टोबरात रविवार कधी येतात, ते सांगा जरा."

त्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पानं उलटली आणि तारखा वाचू लागला. एक, आठ, पंधरा. वर्षालीने दुसऱ्या हाताने, न पाहता, फोनची तार उपसली. पान पडद्यावर तसंच राहिलं. मग तिने संगणक बंद केला आणि काच काळी झाल्यावरच तळहात उचलला.

"आठ," ती म्हणाली. "आठ तारखेला जाऊ."